रस्त्यावरचा ज्योतिर्विद : दुर्बीणकार जॉन डॉब्सन ह्यांचे स्मरण

ज्युबिलीच्या स्मरणिकेत काय असावे ह्याविषयी वाचकांच्या मनात एक ठरलेली कल्पना असते. मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, कोणत्या धर्मगुरूंनी कोणत्या साली येथे सेवा केली, हे सर्व तीत यावयाचेच. प्रस्तुत लेख मात्र अशा एका पुरुषाविषयी आहे की जो आमच्या गावचा नव्हे, आमच्या देशाचा नव्हे आणि आमच्या धर्मपंथाचाही नव्हे. असे असता त्याचे स्मरण आम्ही ह्या पृष्ठांत का करीत आहोत, हे प्रथम सांगणे उचित होईल.

पावसाळ्याचे चार महिने आमचे हे गिरिग्राम धुक्यात व पावसात इतके बुडालेले असते, की सूर्याचेच दर्शन दुर्लभ. तेथे ताऱ्यांची काय कथा! परंतु दिवाळी उलटली म्हणजे वारा कोरडा होतो, दऱ्याखोऱ्यांतील धुरकट पडदा खाली बसतो, आणि समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंचीवरील ह्या पठाराच्या माथ्यावर आकाश जणू हातभर जवळ येते. गेल्या हिवाळ्यात, आगमनकाळातील एका संध्याकाळी, साताऱ्याकडील काही हौशी तरुण आपली दुर्बीण घेऊन आमच्या ख्रिस्तमंदिराच्या अंगणात आले. दुर्बीण म्हणताच पितळेची चकचकीत नळी व तीन पायांची घोडी आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती. प्रत्यक्षात निघाली ती पुठ्ठ्याची एक जाड नळी आणि लाकडी फळ्यांची एक पेटी! आमच्यापैकी काहींना हसू आले. परंतु अर्ध्या चंद्राकडे ती नळी वळविली आणि एकामागून एक माणसे तिच्यापाशी डोळा लावू लागली, तेव्हा ते हसू मावळले. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी बराच वेळ पाहत राहिल्या व मग म्हणाल्या, "देवा रे, चंद्राला एवढाले डोंगर!" थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "पोरांनो, ही विलायतेहून आणविली काय?" त्यावर एक मुलगा उत्तरला, "नाही मावशी, हिचा आरसा आम्हीच घासला. पेटीही आमच्याच हातची." "आणि हे तुम्हाला शिकविले कोणी?" "डॉब्सन नावाच्या एका संन्याशाने सगळ्या जगाला शिकविले, मावशी."

ह्या एका उत्तराने आमची जिज्ञासा जागृत झाली, आणि तिचेच फळ म्हणजे हा लेख होय.

दुर्बिणीचा इतिहास पाहू गेल्यास तो बहुतांशी राजेरजवाड्यांचा, विद्यापीठांचा व विद्वत्संघांचा इतिहास आहे असे प्रथमदर्शनी वाटते. इ. स. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने स्वतः घासलेल्या भिंगांतून गुरूचे उपग्रह पाहिले. १६६८ साली न्यूटनने भिंगाऐवजी अंतर्वक्र आरसा योजून वीतभर लांबीची पहिली आरशाची दुर्बीण सिद्ध केली. आमच्या हिंदुस्थानातही हे यंत्र लवकरच आले. १६८९ च्या डिसेंबरात येशूसंघाचे फादर रिशो हे पाँडिचेरी येथे एका धूमकेतूचा वेध घेत असता, नरतुरंगातील सर्वांत तेजस्वी तारा हा एक नसून दोन ताऱ्यांची जोडी आहे, असे त्यांना आढळून आले. आमच्या पुणे शहरीही भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून व सरकारी साहाय्याने १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब ह्यांच्या कारखान्यातून आलेली तेथील २० इंची दुर्बीण त्या काळी ह्या देशातील सर्वांत मोठी होती. प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांनी तेथे निष्ठेने काम केले, १८९८ सालचे खग्रास सूर्यग्रहण जेऊर येथे जाऊन टिपले. परंतु १९१२ साली ते सेवानिवृत्त झाले, वेधशाळा मिटली, आणि यंत्रसामग्री कोडाईकनालला रवाना झाली. दाता महाराजा, कारखाना परदेशी, व यंत्र सरकारी. पाहणारे डोळे मात्र मूठभर. असे यंत्र उचलून नेले म्हणजे गावाच्या हाती काहीच उरत नाही.

परंतु ह्या मोठ्या इतिहासाच्या काठाकाठाने दुसरा एक लहान इतिहास वाहत आला आहे. तो स्वहस्ते दुर्बीण करणाऱ्या हौशी माणसांचा. इंग्लंडातील बाथ शहरी गायनवादनावर चरितार्थ चालविणारे विल्यम हर्शल हे त्यांतील अग्रणी होत. धातूचा आरसा घासता घासता हात थांबवू नये म्हणून त्यांची बहीण कॅरोलाइन त्यांना घास भरवीत असे. अशा घरगुती दुर्बिणीतून त्यांनी १३ मार्च १७८१ रोजी युरेनस हा ग्रह शोधून काढला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर धातूऐवजी काचेचा आरसा करून त्यावर चांदीचा पातळ मुलामा देण्याची रीत निघाली, व फ्रान्समधील फूको ह्यांनी केवळ एक दिवा व एक पाते ह्यांच्या साहाय्याने आरशाची सूक्ष्म परीक्षा करण्याची युक्ती दाखवून दिली. त्यामुळे हे काम सामान्य कारागिराच्या आटोक्यात आले. १९२० साली अमेरिकेतील व्हर्माँट प्रांतात, स्प्रिंगफील्ड ह्या गावी, रसेल पोर्टर ह्यांनी यंत्रकारखान्यातील कामगारांना जमवून आरसे घासण्याचा वर्ग काढला. त्यांनी टेकडीवर जी कुटी बांधली तिच्या दर्शनी भागावर १९ व्या स्तोत्राचे पहिले वचन कोरलेले आहे, हे आमच्या वाचकांस समजल्यास आनंद वाटेल.

आरसा घासणे म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. सारख्या आकाराच्या दोन जाड काचा घ्यावयाच्या. एक खाली पक्की बसवावयाची, दुसरी तिच्यावर ठेवून, मध्ये कार्बोरंडमची भुकटी व पाणी घालून, पुढेमागे व गोलाकार घासावयाची. आमच्या घरातील जात्यासारखाच हा प्रकार. भेद इतकाच की जात्यात दाणा दळला जातो, येथे काचच दळली जाते. तासन् तास घासले असता वरची काच आपोआप मध्ये खोलगट होते व खालची फुगीर. मग भुकटी अधिकाधिक बारीक घ्यावयाची, शेवटी राळेच्या थरावर काच घासून तिला झिलई आणावयाची, आणि गोलाकार खोलगटीचे अतिशय किंचित रूपांतर अन्वस्ताकारात करावयाचे. चांगल्या आरशाच्या पृष्ठभागावर प्रकाशलहरीच्या अष्टमांशाहून अधिक चूक राहू देत नाहीत. म्हणजे एका मिलिमीटरचे सुमारे १४,००० भाग केले असता त्यांतील एक! एवढे सूक्ष्म काम कोणत्याही महागड्या यंत्रावाचून, दोन हात व धीर ह्यांच्या बळावर साधते, हेच ह्या कलेचे आश्चर्य होय.

ह्या परंपरेतच जॉन डॉब्सन ह्यांचे स्थान आहे. त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १९१५ रोजी चीन देशातील पेकिंग शहरी झाला. वडील प्राणिशास्त्राचे अध्यापक, आई संगीतज्ञ. १९२७ साली हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्को येथे येऊन राहिले. तरुणपणी डॉब्सन कडवे नास्तिक होते. १९४३ साली बर्कली येथून रसायनशास्त्राची पदवी त्यांनी घेतली. परंतु त्याच सुमारास तेथील वेदान्त सोसायटीतील स्वामी अशोकानंद ह्यांचे व्याख्यान ऐकण्यात येऊन त्यांचे मन पालटले, आणि १९४४ साली ते रामकृष्ण संघाच्या मठात दाखल झाले. विज्ञान जाणणारा हा शिष्य पाहून, आधुनिक ज्योतिषशास्त्र व वेदान्त ह्यांचा मेळ कसा बसतो ह्याचा विचार करण्याचे काम मठाने त्यांच्याकडे सोपविले.

विश्वाविषयी लिहावयाचे तर विश्व डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे, अशी त्यांची धारणा झाली. संन्याशापाशी पैसा कोठला? १९५६ साली त्यांनी जहाजाच्या गोल खिडकीची एक जाड काच मिळविली व तीच घासून १२ इंची आरसा तयार केला. एवढा आरसा मनुष्याच्या उघड्या डोळ्यापेक्षा सुमारे १,९०० पट अधिक प्रकाश गोळा करतो. ह्या दुर्बिणीतून त्यांनी प्रथम पाहिला तो अर्धा चंद्र. आणि ते दृश्य पाहताच त्यांच्या मनात जो विचार आला तो स्वतःच्या कौतुकाचा नव्हता. हे सर्वांनी पाहिलेच पाहिजे, असा तो विचार होता. त्यांच्या उरलेल्या आयुष्याचे सूत्र ह्या एका वाक्यात आले आहे.

१९५८ साली त्यांची रवानगी सॅक्रामेंटो येथील मठात झाली. तेथे त्यांनी दुर्बिणीस चाके लावली व रात्री ती ढकलीत नेऊन ते शेजारपाजारच्या लोकांना ग्रहतारे दाखवू लागले. मुले जमू लागली, त्यांनाही दुर्बीण करावीशी वाटू लागली. परंतु मठाची शिस्त ती मठाची शिस्त. काच घासल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून डॉब्सन पाण्यात बुडवून काच घाशीत. बाहेरील मित्रांशी पत्रव्यवहार करताना दुर्बिणीला ते 'जिरेनियमचे रोप' म्हणत. रोप कुंडीत लावले म्हणजे दुर्बीण नळीत व पेटीत बसली, आणि रोप फुलले म्हणजे आरशावर मुलामा चढला, असा संकेत ठरला होता. हे वाचून हसू येते. परंतु हसता हसता मन गंभीरही होते. आपल्या आवडत्या कामाला खोटे नाव द्यावे लागणे ही कोणाही व्रतस्थाला सुखाची गोष्ट नव्हे.

अखेर १९६७ साली, तेवीस वर्षांच्या मठवासानंतर, त्यांना मठ सोडावयास सांगण्यात आले. ज्या घरी आज्ञापालनाचे व्रत घेतले त्या घराला आपल्या शिष्याची गैरहजेरी खटकली, तर तिला दोष देता येत नाही. नियमावाचून मठ टिकत नाही, हे आम्हां कॅथलिक लोकांना कोणी सांगावयास नको. परंतु दुसऱ्या बाजूने, रस्त्यावरच्या पोराला आकाश दाखविण्यास जो मनुष्य अंधारात बाहेर पडत होता, त्याचा हेतू स्वार्थाचा होता असेही कोण म्हणेल? ह्या दोन कर्तव्यांचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नव्हे. जे घडले ते इतकेच, की पन्नाशी उलटलेला, पैसा नाही, घर नाही, नोकरी नाही असा एक मनुष्य रस्त्यावर आला. आणि आश्चर्य असे, की त्याने रस्त्यालाच आपली वेधशाळा केले. वेदान्ताविषयीचा आदर मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

सॅन फ्रान्सिस्को शहरात जॅक्सन व ब्रॉडरिक ह्या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, आकाश निरभ्र असेल त्या रात्री, डॉब्सन आपली दुर्बीण मांडून उभे राहू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारावी, शनी पाहून जा म्हणावे, आणि एक पैसाही घेऊ नये, असा त्यांचा क्रम होता. १९६८ साली दोन शाळकरी मुलांना बरोबर घेऊन त्यांनी रस्त्यावरील ज्योतिर्विदांचा एक संघ स्थापन केला. पुढे त्यांनी २४ इंची आरशाची दुर्बीण केली, जिच्यातून पाहावयास शिडी चढावी लागे, आणि ती जुन्या बसगाडीत घालून अरण्योद्यानांतून हिंडविली. त्यांच्याविषयीची एक हकीकत प्रसिद्ध आहे. एका उद्यानाच्या रखवालदाराने हरकत घेतली, की आकाश हा काही ह्या उद्यानाचा भाग नव्हे. त्यावर डॉब्सन ह्यांनी शांतपणे उत्तर दिले, की खरे आहे, पण उद्यान हा आकाशाचा भाग आहे!

त्यांच्या कारागिरीत नवे ते काय, असा प्रश्न कोणी करील. आरसा न्यूटनचा, घासण्याची रीत जुनीच. नवे होते ते काटकसरीचे धैर्य. तोवरच्या हौशी मंडळींत अशी समजूत होती, की आरशाची काच त्याच्या व्यासाच्या षष्ठांशाइतकी जाड पाहिजे आणि दुर्बिणीचा आधार पृथ्वीच्या अक्षाशी समांतर फिरणारा, जड लोखंडी पाहिजे. त्यामुळे सहा किंवा आठ इंचांच्या पुढे जाण्याची सामान्य मनुष्याची छाती होत नसे. डॉब्सन ह्यांनी पातळ व टाकाऊ काच घेतली आणि तिला पाठीमागून साधा, सारखा आधार दिला. सिमेंटचे खांब ओतण्यासाठी वापरतात ती पुठ्ठ्याची नळी त्यांनी दुर्बिणीची नळी केली. प्लायवूडची पेटी, जुनी ग्रामोफोनची तबकडी, टेफ्लॉनचे गुळगुळीत तुकडे, मोडक्या द्विनेत्रीतील भिंगे, असल्या वस्तूंतून त्यांनी असा आधार रचला की जो तोफेच्या गाड्याप्रमाणे केवळ वरखाली व आजूबाजूला फिरतो. बोटाने ढकलावे तिकडे नळी जाते, सोडावी तेथे स्थिर राहते. पृथ्वी फिरते म्हणून तारा दृष्टीआड जाऊ लागला तर पुन्हा किंचित ढकलावे, एवढेच. दीर्घ काळ छायाचित्र घेण्यास ही रचना फारशी उपयोगी नव्हती, परंतु डोळ्याने पाहण्यास तिच्यासारखी सुलभ दुसरी नाही. जगभर आज तिला 'डॉब्सोनियन' म्हणतात. स्वतः डॉब्सन मात्र हे श्रेय नाकारीत. तोफा अशाच गाड्यांवर बसवून लोक शतकानुशतके लढत आले, मी त्यात नवीन ते काय केले, असे ते म्हणत. त्यांनी ह्या रचनेवर हक्क सांगितला नाही की तिच्यापासून धन जोडले नाही. कारखानदारांनी पुढे हजारोंनी अशा दुर्बिणी विकल्या. डॉब्सन वर्ग घेऊन लोकांना त्या स्वहस्ते करावयास शिकवीत राहिले.

स्मरणलेखात दोष झाकण्याची चाल आहे; ती आम्हांस मान्य नाही. विश्वोत्पत्तीविषयी डॉब्सन ह्यांची काही स्वतंत्र मते होती. विश्वाचा आरंभ एका महास्फोटात झाला हा सिद्धांत त्यांनी कधीच मानला नाही, आणि त्यांची प्रतिपादने शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाहीत. आमच्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८ ते २०२५) ह्यांनीही महास्फोटाच्या कल्पनेविरुद्ध आयुष्यभर वाद घातला. परंतु त्यांचा वाद गणिताच्या व वेधांच्या आधारे चाललेला शास्त्रज्ञाचा वाद होता, डॉब्सन ह्यांचा तत्त्वचिंतकाचा. हात इतका अचूक असलेल्या मनुष्याचा तर्क सर्वत्र तितकाच अचूक असेल असे नव्हे. तथापि रस्त्यावर दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या मुलाला ह्या मतभेदाने काही उणे पडले नाही. कारण चंद्राचे डोंगर कोणाच्याही मतावर अवलंबून नाहीत.

१५ जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णव्या वर्षी, कॅलिफोर्नियात डॉब्सन ह्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे इस्टेट राहिली नाही. राहिली ती गावोगावची पुठ्ठ्याची व प्लायवूडची दुर्बीण. आमच्या महाराष्ट्रातही हा वसा उतरला आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाशाची ओळख करून देत आली आहे, आणि डॉ. नारळीकर ज्या संस्थेचे संस्थापक संचालक होते त्या पुण्याच्या आयुका संस्थेत शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी स्वहस्ते आरसे घासून दुर्बिणी बांधल्या आहेत. ज्या शहरातून १९१२ साली महाराजांची दुर्बीण उचलून नेली गेली, त्याच शहरात आता शाळकरी मुले आपली दुर्बीण आपण करतात, आणि ती कोणी उचलून नेली तरी दुसरी करू शकतात. हा फरक लहान नव्हे.

आता शेवटी आमच्या गावाविषयी दोन शब्द. दुर्बीण स्वस्त झाली, परंतु अंधार महाग होत चालला आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनी अंगणातून पाहिलेली आकाशगंगा आज बाजारपेठेच्या व विश्रामगृहांच्या दिव्यांत विरघळून जाते. पाहुणे हवा खावयास येतात आणि आकाश न पाहताच परत जातात. दिवे नसावेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु दिव्याचा उजेड वाटेवर पडावा, आभाळावर नव्हे, एवढे तर आपल्या हाती आहे. त्या संध्याकाळी मंदिराच्या अंगणातील सर्व दिवे आम्ही तासभर मालविले होते. मावशींनी डोळा काढल्यावर नळीपासून बाजूला होऊन सहज वर पाहिले, आणि मग दुर्बिणीवाचूनच त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. रांगेतील मुलांनीही मग माना वर केल्या.

ह्या ज्युबिलीच्या वर्षी आमच्या शाळेतील मुलांनी दोन काचा व थोडी भुकटी आणून आरसा घासावयास घेतला आहे. तो केव्हा पुरा होईल हे सांगता येत नाही, कारण ह्या कामात घाई चालत नाही. परंतु तो पुरा होईल त्या रात्री अंगणातील दिवे पुन्हा मालवावेत, फाटक उघडे ठेवावे, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही धर्माचा व गावचा असो, आत बोलवावे, अशी आमची सर्व धर्मग्रामबंधूंस नम्र विनंती आहे. जॉन डॉब्सन ह्यांचे ह्याहून योग्य स्मारक आम्हांस तरी सुचत नाही.